तुडतुड्यांचं रान

मामांना आणायला खाली च्याई शहरात जायचं म्हणून युंगफाने सकाळी उठून आपला निळा ट्रक धुतला. ज्या सीटवर महिनाभर खताच्या गोणी बसून येत होत्या, तिच्यावर त्याने लग्नातली लाल चादर अंथरली. चहाच्या भट्टीच्या खिडकीतून ते बघताना बीश्याने ओळखलं, की आज वाटण्या होणार आणि दादाने त्या मनातल्या मनात कधीच करून टाकल्या आहेत.

बाबांना जाऊन शंभर दिवस झाले होते. शंभरावा दिवस उलटेपर्यंत घरात जमिनीचा विषय काढायचा नाही, अशी सुंगलिन गावची रीत. ज्येन घराण्याने ती काटेकोर पाळली होती. विषय कोणीच काढला नाही; फक्त जो तो रोज रानात चक्कर मारून येई, आणि दुसरा कुठल्या बांधावर किती वेळ उभा राहतो ते लक्षात ठेवी.

चहाची रानं तीन होती. वरचं देवदारांच्या रांगेला टेकलेलं. दुपारनंतर तिथे धुकं उतरलं की शेजारची पानं तोडणारी बाई नुसती आवाजाने ओळखायची. मधलं घराला लागून, मोटाररस्त्यावर. आणि खालचं दरीच्या तोंडाशी, बांबूच्या बनाआड, उबदार, दमट, तुडतुड्यांनी भरलेलं. पूर्वी या तिघांत फारसा भेदभाव नव्हता. पण अलीकडे तैपेईचे व्यापारी चहा तोंडात घेण्याआधी ‘किती उंचीवरचा?’ असं विचारायला लागले, आणि तेव्हापासून अलीशान डोंगराच्या या अंगाला माणसाची पतसुद्धा समुद्रसपाटीपासून मोजली जाऊ लागली.

स्वयंपाकघरात लीहुआ वहिनी सकाळपासून गोड बोलत होती.

“वन्सं, तुम्ही बसा. कोंबडी मी उकडते.”

एरवी कोंबडी, भांडी आणि सासूबाई ही तिन्ही कामं वन्संचीच असत.

“बसून काय करू?” बीश्या म्हणाली.

“काही नाही. तुमचा नावाचा शिक्का तेवढा शोधून ठेवा. मामांना ताटकळत ठेवायला नको.”

“शिक्का कशाला?”

“रीतच असते हो. बहिणीने भावांना हक्क सोडून दिला की घराला बरकत येते म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

वहिनीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “भाऊच म्हणतात,” ती म्हणाली.

कोपऱ्यात आई बांबूचे कोंब सोलत बसली होती. तिला हल्ली ऐकू कमी येई. पण काय कमी ऐकायचं ते ती स्वतः ठरवत असे. तिने सालीचा ढीग पायाने बाजूला सारला आणि पुढचा कोंब हातात घेतला.

बीश्या लग्न होऊन खाली मैदानात गेली होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती परत आली. दिलेली मुलगी म्हणजे सांडलेलं पाणी, असं तिकडे म्हणतात. हे सांडलेलं पाणी डोंगर चढून परत आलं आणि बाबांच्या भट्टीपाशी बसलं, हे वहिनीला कधीच नीट समजलं नव्हतं. भट्टी मात्र तिच्या हाताला लागली. बाबांचे पाय गेल्यावर घरातला सगळा चहा तीच भाजत होती, आणि लोक त्याला ‘युंगफाचा चहा’ म्हणत होते.

‘वर आकाशातला देव, खाली आईचा भाऊ’ अशी तिकडची म्हण आहे, आणि मामांनी ती फार लवकर मनावर घेतली होती. वाटणीला मामा लागतोच. त्याच्याशिवाय झालेली वाटणी म्हणजे भांडण. एकदा शेतकरी संघाच्या चहास्पर्धेत एक परीक्षक तापाने आडवा झाला म्हणून ऐनवेळी मामांना खुर्चीवर बसवलं होतं. त्या दिवशीचा पितळी बिल्ला ते अजून कोटाला लावत आणि तेव्हापासून साधं पाणीसुद्धा ते चूळ भरल्यासारखं तोंडात फिरवून मगच गिळत.

जेवण झालं. बांबूच्या कोंबांचं सार मामांनी दोनदा घेतलं, कोंबडीची तंगडी मान्य केली आणि मग सगळे देवघरात बसले. समोर पूर्वजांच्या नावांच्या पाट्या, त्यांत बाबांची सर्वांत नवी, अजून लाकडाचा वास असलेली. युंगफाने शिकल्यासवरल्या माणसाकडून लिहून आणलेलं हक्कसोडपत्र टेबलावर सरळ करून ठेवलं.

“बीश्या पोरी,” मामा म्हणाले, “तू समजूतदार आहेस.”

या घरात तिला कोणी समजूतदार म्हटलं की पाठोपाठ तिच्याकडचं काहीतरी जायचं.

“तशी असेन,” ती म्हणाली. “शिक्का मी मारते मामा. वरच्या रानावर आणि मधल्यावर पाणी सोडते. खालचं तेवढं मला द्या.”

लीहुआने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने धाकट्या भावाकडे पाहिलं. मिंगते खाली च्याईत खानावळ चालवायचा. समोरच्याच्या खिशात किती आहे ते त्याला चेहऱ्यावरून कळे, पण ताईच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

“खालचं?” युंगफा म्हणाला. “तुडतुड्यांचं?”

“हो.”

“घे की.” युंगफाच्या आवाजात एकदम थोरल्या भावाची माया आली. “तुडतुड्यांसकट घे. एकेक मोजून घे. मी काय नाही म्हणणार आहे?”

“ताई, नीट विचार कर,” मिंगते म्हणाला. “तिथे धड पान सापडत नाही. सगळ्या कडा पिवळ्या, वळलेल्या. व्यापारी हातात घेत नाहीत.”

“माझं मी बघेन.”

“तिला पाहिजे तर तुम्ही कशाला मधे पडता, भाऊजी?” लीहुआ घाईने म्हणाली. “वन्संचा जीव आहे त्याच्यावर.”

हे तेवढं तिने खरं सांगितलं होतं. एका उन्हाळ्यात औषध फवारताना बाबा तिथेच भोवळ येऊन पडले. उठल्यावर त्यांनी पंप दरीत फेकून दिला आणि खालच्या रानात पुन्हा औषध नेलं नाही. तुडतुडे माजले, पानं वळली, गाव हसलं. पुढे पाय गेल्यावर बीश्या त्यांना हातगाडीवर घालून बांबूच्या सावलीत नेऊन बसवी. एकदा त्यांनी ती किडकी पानंच तोडायला लावली, आणि भट्टीतून जे निघालं त्याला मधाचा वास होता. तो चहा दोघांनी कोणाला दिला नाही, कारण कोणी मागितलाच नाही. त्या रानात तिला कोणी वन्सं म्हणत नसे, कोणी विधवा म्हणून कीव करत नसे. सरळ सांगायचं तर या घरातलं दुसरं काहीही तिला नको होतं.

तिचा प्रश्न इतक्या चटकन सुटला की भावांना आता एकमेकांकडे लक्ष द्यायला सवड मिळाली.

“मग वरचं माझं,” युंगफा म्हणाला. “मी थोरला. बाबांच्या मागे उभा राहून शिकलो.”

“मागे उभा राहून शिकलास म्हणूनच पुढचं काही दिसलं नाही,” मिंगते म्हणाला. “वरून सूर्योदय दिसतो दादा. तिथे दहा खोल्या बांधल्या तर तैपेईचे लोक रांगा लावतील.”

“बाबांच्या झुडपांवर खोल्या बांधणार?”

“झुडपांशेजारी.”

“ज्याला चहा आणि बार्लीचं पाणी यातला फरक कळत नाही, त्याला वरचं रान द्यायचं? मी घोटावर सांगतो मामा, पान किती उंचीवरचं आहे. डोळे बांधा माझे.”

“मलाही कळतं. मी काय दुसऱ्या घरात वाढलो?”

मामांनी हात वर केला. बराच वेळ कोणी त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यांना ते जाणवू लागलं होतं.

“भांडू नका. तिन्ही रानांचा यंदाचा वसंतातला चहा बीश्याने वेगवेगळा भाजलाय ना? तीन कप मांडा. बाबांचा खरा चहा कुठला ते जीभ सांगेल. ज्याची जीभ जो कप उचलेल, त्या कपाचं रान त्याचं. आधी थोरला, मग धाकटा. उरलेला कप बीश्याचा.”

“उरणार खालचाच,” युंगफा म्हणाला. “तो कोण उचलतोय?”

“तरी तुमच्या बाबांना, थियेनफूला, विचारलेलं बरं,” मामा म्हणाले आणि त्यांनी उदबत्त्या लावून कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी हातात घेतल्या. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर होकार. मामांनी बाबांच्या पाटीला सगळा बेत मोठ्याने सांगितला आणि कौल टाकला. पहिल्याच फेकीला एक सपाट, एक फुगीर. हयातीत बाबांनी मेव्हण्याचं म्हणणं पहिल्या फटक्यात कधी ऐकलं नव्हतं. पण मेल्यावर माणूस निवळतो.

भट्टीत बीश्याने तीन पांढरे कप धुतले. खालून लाल कागदाचे तीन कपटे चिकटवायचे होते, ‘वर’, ‘मध्य’, ‘खाली’. आई भाताची खळ घेऊन आली.

“तुला पाहिजे ते मिळालंय ना?” कपट्याला खळ लावत आई म्हणाली.

“मिळालंय.”

“मग आता मूग गिळून बस. मामा काही म्हणू दे, दादा काही म्हणू दे.”

“मी कशाला बोलतेय?”

“तुझ्या बाबांवर गेलीयेस म्हणून सांगते,” आई म्हणाली.

पाणी उकळलं. कपांची जागा मामांनी स्वतः बदलली, बीश्याला तोंड फिरवून उभं राहायला लावलं आणि मग चिनी मातीच्या चमच्याने एकेक घोट घेऊन ते इतक्या जोरात भुरकले की अंगणातलं कुत्रं उठून बसलं. मग युंगफा, मग मिंगते. पहिला कप स्वच्छ, फुलांच्या वासाचा, घरातला. दुसऱ्या कपाशी युंगफा थांबला. त्याने पुन्हा चमचा बुडवला. त्याचे डोळे मिटले, आणि क्षणभर तो इतका चांगला दिसला की बीश्याला लहानपणीचा दादा आठवला.

“हा,” तो म्हणाला. “मामा, यात धुकं आहे. देवदाराची थंडी आहे. असा मध उंचीशिवाय येत नाही. हे वरचं रान.”

“मी तेच म्हणणार होतो,” मिंगते म्हणाला आणि उगाच दुसरा आला म्हणून चिडला.

“मीही,” मामा म्हणाले. “पण मी पंच आहे म्हणून थांबलो.”

“आणि हा तिसरा म्हणजे खालचा.” युंगफाने तोंड वाकडं केलं. “कच्च्या गवताचा वास येतोय. डबक्यातलं पाणी आहे. डुकरापुढे ठेवलं तर डुक्कर माझ्याकडे बघेल.”

बीश्याला वासावरूनच कळलं होतं की दुसरा कप खालचा आहे आणि तिसरा वरचा. यंदा वसंतात वर धुकं हललंच नव्हतं. पान ओलं तोडावं लागलं, सुकवायला ऊन मिळालं नाही, आणि कितीही भाजलं तरी गवत गेलं नाही. वरचं रान वसंतात असं रुसतं आणि हिवाळ्यात एकदम लाखाचा माल देतं. दादाला हे माहीत असायला हवं होतं. तिने कोणाला फसवलं नव्हतं. दादाला उंची चाखायची होती, आणि माणसाला जे चाखायचं असतं ते त्याला कुठल्याही कपात सापडतं.

“मग मला हा पहिला,” मिंगते म्हणाला. “मधलं तर मधलं. रस्ता तरी आहे.”

“तीन जिभा एक झाल्या,” मामा म्हणाले. “आता कप उलटून बघणं म्हणजे थोरल्या मुलाचा अपमान. युंगफाचं वरचं, मिंगतेचं मधलं, बीश्याचं खालचं. पोरी, शिक्का आण.”

शिक्का तिच्या मुठीतच होता. धरून धरून तो गरम झाला होता. दोन जागी दाबायचा, की बांबूच्या बनापासून दरीच्या कड्यापर्यंत सगळं तिचं होणार होतं. तिच्या चहाला लोक वरचा चहा म्हणणार होते, म्हणू देत. लोक काहीही म्हणतात.

युंगफाने दुसरा कप जवळ ओढून उरलेला चहा स्वतःसाठी ओतून घेतला. जिंकलेल्या माणसाला बोलायची हौस असते.

“खरं सांगू मामा, वाईट वाटतं. घरात असलं सोनं असताना बाबा शेवटी शेवटी रोज खालच्या रानातलंच पाणी प्यायचे. ती पानं बिस्किटाच्या डब्यात लपवून ठेवायचे.”

“पाय गेले तेव्हाच जीभही गेली असणार,” मामा म्हणाले. “आम्ही जाणकारांनी ते तेव्हाच ओळखलं होतं. बोललो नाही एवढंच.”

“गावात नका सांगू म्हणजे झालं,” मिंगते म्हणाला.

“गावाला ठाऊक आहे,” युंगफा म्हणाला. “लोक हसायचे. थियेनफूला आता चहा आणि चिखल सारखाच लागतो म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो. काय बोलणार? खरंच होतं ते.”

चहावाल्याची जीभ गेली म्हणणं म्हणजे तो आधीच मेला होता, नुसता श्वास चालू होता, असं म्हणणं. बीश्याने आईकडे पाहिलं. आईने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. बीश्याला ते स्पष्ट दिसलं. मग तिने पुढे होऊन दुसरा कप उचलला, चमच्यासकट ताटलीत पालथा केला आणि मामांच्या नाकासमोर धरला.

लाल कपट्यावर ‘खाली’ लिहिलं होतं.

“बाबांची जीभ शाबूत होती,” ती म्हणाली. “तुम्ही तिघांनी आत्ता सोनं म्हणून प्यायलात तेच त्यांच्या बिस्किटाच्या डब्यात असायचं.”

मिंगतेने हळूच पहिला कप उलटला आणि ‘मध्य’ वाचून तो पुन्हा सुलटा करून ठेवला, काहीच न पाहिल्यासारखा.

“कपटे बदलले असतील,” लीहुआ म्हणाली.

“खळ मी लावली,” आई म्हणाली. आज पहिल्यांदाच तिला सगळं ऐकू येत होतं. “माझ्यासमोर चिकटवलेत. बदलायला ती काय जादूगारीण आहे?”

तिसरा कप उलटायची गरज नव्हती, तरी युंगफाने तो उलटला. ‘वर’. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सगळ्यांचे डोळे मामांकडे गेले. मामांनी बिल्ला सरळ केला.

“मला पहिल्या घोटालाच कळलं होतं,” ते म्हणाले. “खरं कोण बोलतं ते बघत होतो.”

“मग आता वाटणी?” लीहुआ म्हणाली.

“कौल झालाय वहिनी,” मिंगते म्हणाला. एवढी भक्ती त्याच्या अंगात कोणी पाहिली नव्हती. “ज्याने जो कप उचलला त्याचं ते रान. बाबांनी होकार दिलाय. दादाचं खालचं, माझं रस्त्याकडचं, ताईचं वरचं.”

“वरचं रान? सांडलेल्या पाण्याला?” लीहुआ म्हणाली.

“दादा म्हणाला ना, डुक्करसुद्धा पिणार नाही. मग असं काय जातंय?”

युंगफाने तिसरा कप हाताने बाजूला सारला. वरचं रान परत मागायचं तर डबक्यातलं पाणी हा शब्द सगळ्यांसमोर गिळावा लागणार होता, आणि तो शब्द मोठा होता. बीश्याला त्याची खरोखर दया आली. त्याला मोकळं करावं म्हणून, आणि स्वतःलाही, ती घाईने म्हणाली,

“दादा, मला वरचं नको. वरचं तूच ठेव. आधी ठरलं होतं तेच करू. मला खालचं दे, मी आत्ता शिक्का मारते.”

हे तिने बोलायला नको होतं. युंगफाने मान वर केली आणि तिच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. देवघरात शिरल्यापासून त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“सकाळपासून तू खालचंच मागतेयस,” तो म्हणाला.

“हो. कारण मला तेच पाहिजे.”

“तुला त्या डब्यातल्या चहाची चव माहीत होती.”

“होती.”

“आणि वरचं रान मिळत असताना तू ते सोडतेयस.”

“दादा, मी तुला खरं तेच...”

“तेव्हाच शंका यायला हवी होती मला,” युंगफा म्हणाला. तो उठला, बाबांच्या पाटीपुढे जाऊन वाकला आणि अगदी जड आवाजात म्हणाला, “बाबा, तुमचा कौल मोडायची माझी छाती नाही. मी खालचं घेतो.”

“शाब्बास,” मामा म्हणाले. “याला म्हणतात थोरला मुलगा.”

लीहुआने डोळ्यांना रुमाल लावला. हक्कसोडपत्राची घडी घालून युंगफाने ते खिशात ठेवलं आणि वाटणीचा नवा कागद मामांनी स्वतःच्या हाताने लिहिला. बीश्याने शिक्का मारला. सबंध सुंगलिनमध्ये वरचं रान नावावर असलेली बाई त्या दिवसापर्यंत झाली नव्हती. लोक म्हणणार होते, बघा, कशी गरीब गाय वाटत होती आणि कसं पदरात पाडून घेतलं.

दुपारी धुकं उतरलं. मामांना पोचवायला ट्रक गेला, तेव्हा सीटवर चादर नव्हती. भट्टीच्या दाराशी आई आणि बीश्या बसल्या होत्या.

“हातात आलं होतं,” आई म्हणाली.

“हं.”

“शिक्का दाबायचा तेवढा राहिला होता. मी मान हलवली ती दिसली नाही तुला?”

“दिसली. पण बाबांना नावं ठेवत होते गं.”

“मेलाय तो. त्याला काय होतंय? जिवंतपणी माझ्या तोंडून त्याने याहून वाईट ऐकलंय.” आईने बाहीने नाक पुसलं. ती म्हणाली, “चव होती त्याला. शेवटपर्यंत होती. माझ्या सारात मीठ कमी पडलं की ओरडायचा.”

मग तिलाही राहवलं नाही. दोघी थोडा वेळ रडल्या, शंभर दिवसांत जमलं नव्हतं तेवढ्या. नंतर आई उठून आत गेली आणि बाबांचं जाड जाकीट घेऊन आली, वर थंडी असते म्हणून.

दुसऱ्या दिवशी बीश्या वरच्या रानात जायला निघाली तेव्हा अंगणात युंगफा भेटला. तो आज लवकर उठला होता आणि त्याचा उत्साह पाहण्यासारखा होता. नव्या रानाचा मालक म्हणून त्याने नवी टोपी घातली होती, नाकाला फडकं बांधायची तयारी होती, आणि पाठीवर फवारणीचा पंप होता, गळ्यापर्यंत भरलेला.

“कुठे निघालास?” तिने विचारलं.

“खाली. बाबांनी फार आबाळ केली त्या रानाची. एवढा मध असलेलं झाड, आणि किडे ते खाऊन टाकतायत. आधी तुडतुडे साफ करतो, मग बघ पुढच्या वर्षी चहा कसा निघतो.”

बीश्याने त्याचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना तो तिचा धरायचा, तसा.

“दादा, औषध मारू नकोस. मध झाडात नाहीये. किडा पान चावतो म्हणून तो वास येतो. तुडतुडे गेले की चहाही गेला. बाबांना आणि मला एवढंच माहीत होतं, ते मी तुला सांगितलं. आता मात्र काही लपवलेलं नाही.”

युंगफाने ऐकून घेतलं. तो रागावला नाही. त्याने पंपाचा पट्टा खांद्यावर नीट केला, आणि तिचा हात हळूच सोडवला.

“बीश्या,” तो म्हणाला, “काल तू सगळ्यांसमोर खरं बोललीस. मी मनातून मानलं तुला. मग आज कशाला खोटं बोलतेस?”

आणि तो बांबूच्या बनाकडे उतरून गेला.